सर्व्हरला अर्धा तास, नावाला अख्खा दिवस

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वेब सर्व्हर बसवणं अवघड नाही. जुन्या पीसीवर लिनक्स टाकायचं, एक पॅकेज इन्स्टॉल करायचं, की शेजारच्या मशीनवर पान दिसतं. अर्ध्या तासाचं काम. खरी गंमत पुढच्या सोमवारी, सातवीचा वर्ग लॅबमध्ये येतो आणि पंधरापैकी एकाही मशीनवर ते पान उघडत नाही तेव्हा.

आमच्याकडे पहिल्या वर्षी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने १९२.१६८.१.१०४ असं लिहिलेलं असायचं, बाजूला 'पुसू नये'. मुलं ते बघून टाइप करायची. कुणी टिंबाच्या जागी स्वल्पविराम द्यायचं, कुणी १६८चे १८६ करायचं. मग एक दिवस वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि सर्व्हरला १०४ऐवजी १०७ हा पत्ता मिळाला. फळ्यावर १०४च. मी दोन तास सर्व्हर खोलून बसलो होतो, आणि सर्व्हर ठणठणीत होता.

म्हणून या लेखातला क्रम जरा उलटा आहे. आधी नेटवर्कचा कागद, मग कायमचा पत्ता, मग सर्व्हर, आणि शेवटी नाव, म्हणजे आकड्याऐवजी मुलांनी टाइप करायचा शब्द. नावावर सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहोत, कारण वेळ तिथेच जातो.

एक सूचना. आज्ञा आणि फाइलींची नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना सगळी अक्षरं लहान इंग्रजी, आकडेही इंग्रजी. स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरं फोडून दिली आहेत.

पायरी १: आधी कागद

लॅबमध्ये कुठल्याही विंडोज मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग /ऑल' टाइप करा. भरपूर ओळी येतील. त्यातल्या चारच वहीत उतरवा: आयपीव्ही४ ॲड्रेस, डीफॉल्ट गेटवे, डीएचसीपी सर्व्हर, डीएनएस सर्व्हर्स. हे एका मशीनवर करून थांबू नका. लॅबमधली निदान तीन मशीन, ऑफिसातलं एक आणि शिक्षक कक्षातलं एक, असं बघा.

या चार ओळी काय सांगतात? पहिली ओळ म्हणजे त्या मशीनचा पत्ता. गेटवे म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा, बहुतेक वेळा राउटरच. डीएचसीपी सर्व्हर म्हणजे मशीन सुरू झालं की त्याला पत्ता वाटून देणारा. आणि डीएनएस म्हणजे 'अमुक नावाचा पत्ता काय?' असं ज्याला विचारायचं तो.

दोन गोष्टी सापडल्या तर लाल पेनाने खूण करा. पहिली: दोन मशीनवर डीएचसीपी सर्व्हर वेगवेगळा दिसतोय. म्हणजे शाळेत पत्ते वाटणारे दोघे आहेत. बहुतेकदा कुणीतरी वायफायसाठी घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडलेला असतो. तो राउटर ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला आणि वायर त्याच्या लॅन पोर्टमध्येच राहू द्या. एका नेटवर्कात पत्ते वाटणारा एकच हवा.

दुसरी: डीएनएसच्या जागी ८.८.८.८ दिसतंय. पूर्वी कुणी तंत्रज्ञ येऊन गेला आणि इंटरनेट चालेना म्हणून त्याने हाताने गूगलचा डीएनएस भरला, असा बहुधा त्याचा अर्थ. त्या मशीनवर तुमचं शाळेतलं नाव कधीच उघडणार नाही, कारण ते विचारायला थेट गूगलकडे जाईल आणि तुमच्या लॅबची गूगलला काय माहिती? ही मशीन पुढे एकेक करून दुरुस्त करायची आहेत. आत्ता फक्त नोंद.

पायरी २: मशीन

४ जीबी रॅमचा जुना पीसी पुरेसा आहे. रॅस्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) असेल तर विजेची बचत होते, पण त्याचं मेमरी कार्ड वारंवार वीज गेल्यावर खराब होऊ शकतं. जुन्या पीसीत छोटी एसएसडी टाकणं मला जास्त भरवशाचं वाटतं. वायफायवर सर्व्हर ठेवू नका. स्विचमधून वायर ओढा.

इन्स्टॉल करण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि 'वीज परत आल्यावर काय करायचं' हे सेटिंग शोधा. 'एसी पॉवर लॉस' अशा काहीशा शब्दांत असतं. ते 'पॉवर ऑन'वर ठेवा. नाहीतर भारनियमनानंतर लॅब उघडून बटण दाबायला कुणीतरी लागेल, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही बदलून टाका, त्यावर सीआर२०३२ असं लिहिलेलं असतं. तो संपला की ही बायोसची सेटिंगं पुसली जातात, घड्याळ अनेक वर्षं मागे जातं आणि मग सुरक्षित संकेतस्थळांना जोडतानाही चुका येतात.

मी डेबियन हे लिनक्स वापरतो, डेस्कटॉपशिवाय. इन्स्टॉल करताना तीन ठिकाणी नवखे अडकतात. रूटचा (मशीनच्या मालक खात्याचा) पासवर्ड विचारतो तिथे रिकामं सोडून पुढे जा, म्हणजे तुमच्या खात्याला 'सुडो'चा, म्हणजे मालक म्हणून आज्ञा चालवायचा, अधिकार आपोआप मिळतो. पासवर्ड दिलात तर सुडो इन्स्टॉलच होत नाही आणि पुढची प्रत्येक आज्ञा अडते. सॉफ्टवेअर निवडीच्या पानावर डेस्कटॉपच्या खुणा काढा आणि एसएसएच सर्व्हरला (दुसऱ्या मशीनवरून या मशीनवर काम करता यावं म्हणून) खूण करा. तिसरं ठिकाण म्हणजे होस्टनेम. तिथे 'शाळा' असं देऊ नका. मुलं जे नाव टाइप करणार ते वेगळं आणि मशीनचं नाव वेगळं ठेवा. आमचा सर्व्हर कपाटात असतो म्हणून त्याचं नाव 'कपाट'. हे का, ते पाचव्या पायरीत कळेल.

पायरी ३: पत्ता कायमचा

१९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत, तसेच १०ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेही. १९९६ सालच्या एका इंटरनेट मानकात ही वाटणी पक्की झाली. त्यामुळे तुमच्या शाळेत १९२.१६८.१.१० आहे आणि शेजारच्या गावच्या शाळेतही आहे, तरी भांडण नाही. हे पत्ते राउटरच्या बाहेर जात नाहीत.

राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीची मर्यादा बघा. काही राउटर २ ते २५४ असे सगळेच पत्ते वाटायला घेतात. ती १०० ते २०० करा. मग १०० खालचे पत्ते तुमच्या हातात राहतात: सर्व्हरला १०, प्रिंटरला २०, असं.

आता सर्व्हरवर 'आयपी ए' टाइप करा. नेटवर्क कार्डाचं नाव दिसेल, 'ईएनपी३एस०' अशा धाटणीचं. मग 'सुडो नॅनो /इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस' अशी ही फाइल उघडा, नॅनो म्हणजे मजकूर लिहायचा साधा कार्यक्रम. त्यात तुमच्या कार्डाच्या नावाची 'आयफेस' ने सुरू होणारी ओळ असेल आणि शेवटी 'डीएचसीपी' हा शब्द. त्या शब्दाच्या जागी 'स्टॅटिक' लिहा आणि खाली दोन ओळी घाला: 'ॲड्रेस १९२.१६८.१.१०/२४' आणि 'गेटवे १९२.१६८.१.१'. गेटवे तुमच्या वहीतला घ्या, माझा नको. रॅस्पबेरी पायवर किंवा डेस्कटॉपवाल्या लिनक्सवर ही फाइल बहुधा रिकामी असते. तिथे 'सुडो एनएमटीयूआय' चालवा, मेनू येतो, त्यात हेच भरा.

मग मशीन रीस्टार्ट करा. नेटवर्क सेवा तेवढी पुन्हा सुरू केली तरी चालतं, पण पूर्ण रीस्टार्टनंतरही पत्ता तोच राहतो ना, हेच तर बघायचं आहे. परत आल्यावर 'सुडो एपीटी अपडेट' चालवा. ते चाललं म्हणजे पत्ता, गेटवे आणि नाव शोधणं तिन्ही जागेवर आहे.

राउटरमध्येच 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून हाच परिणाम साधता येतो, आणि पुष्कळ लोक तेच सुचवतात. मला ते पटत नाही. इंटरनेट कंपनीचा माणूस सुट्टीत येऊन राउटर बदलून जातो, आणि त्याच्याबरोबर तुमचं रिझर्व्हेशनही जातं. सर्व्हरवर लिहिलेलं सर्व्हरबरोबर राहतं. नवा राउटर १९२.१६८.०ची मालिका घेऊन आला तर मात्र त्याचा लॅन पत्ता बदलून जुनी मालिका आणावी लागेल. पायरी १चा कागद त्यासाठीच जपायचा.

पायरी ४: वेब सर्व्हर

'सुडो एपीटी इन्स्टॉल एनजिनएक्स'. एन-जी-आय-एन-एक्स, मध्ये जागा नाही. अपाची हा दुसरा वेब सर्व्हर वापरलात तरी काही बिघडत नाही. तो १९९५पासून आहे आणि त्याच्यावर मदतही भरपूर मिळते. एनजिनएक्स २००४ साली आला, त्याच्या सेटिंगच्या फाइली आटोपशीर असतात आणि जुन्या मशीनवर तो हलका चालतो, म्हणून मी तो घेतो. यावर वाद घालायला शिक्षक कक्षात वेळ असतो, लॅबमध्ये नसतो.

दुसऱ्या मशीनच्या ब्राउझरमध्ये 'एचटीटीपी://१९२.१६८.१.१०' टाका. 'वेलकम टू एनजिनएक्स' असं पान आलं की सर्व्हर चालला. तुमची पानं '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल' या फोल्डरमध्ये ठेवायची आणि पहिल्या पानाचं नाव 'इंडेक्स.एचटीएमएल'.

इथे तीन अडचणी येतात, आणि पहिल्या दोन विंडोजची सवय असलेल्यांना येतात. लिनक्सला लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या नावात शेवटी 'जेपीजी' मोठ्या अक्षरांत असेल आणि पानात तुम्ही लहान अक्षरांत लिहिलं असेल, तर विंडोजवर फोटो दिसतो आणि सर्व्हरवर गायब होतो. दुसरी, '४०३ फॉरबिडन'. फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही. फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ अशी परवानगी 'सीएचमॉड'ने द्या. सरसकट ७७७ द्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने मशीनवरच्या कुठल्याही खात्याला फाइल बदलता येते.

तिसरी खास आपली. मराठी मजकुराच्या जागी 'à¤' सारखी चिन्हांची रांगोळी दिसली तर पान यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहे पण ब्राउझरला ते कुणी सांगितलं नाही. पानाच्या डोक्यात 'मेटा कॅरसेट'ची ओळ घाला किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'कॅरसेट यूटीएफ-८;' ही एक ओळ लिहा, म्हणजे सगळ्या पानांचं काम होतं. पण मराठीच्या जागी सलग इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं दिसत असतील, तर तो मजकूरच युनिकोडमध्ये नाही. शाळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाचे वृत्तांत हे श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. त्यावर सर्व्हरचं कुठलंही सेटिंग चालत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची. रफार हमखास चुकतो.

पायरी ५: नाव

इंटरनेटच्या पूर्वजांनाही हाच प्रश्न पडला होता. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वीच्या जाळ्यावर कुठलं मशीन कुठल्या आकड्यावर, याची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जायची. एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. मशीन वाढली तशी यादी आवरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्या जुन्या यादीचा वंशज अजून तुमच्या प्रत्येक मशीनमध्ये आहे. त्याला होस्ट्स फाइल म्हणतात.

पाच-सहाच मशीन असतील तर ती फाइलच पुरे. विंडोजवर नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, इटीसी या वाटेने जा, होस्ट्स फाइल उघडा आणि शेवटी एक ओळ लिहा: आधी पत्ता, जागा सोडून नाव. सेव्ह करताना नोटपॅड मागे '.टीएक्सटी' चिकटवत नाही ना, ते बघा. चिकटवलं तर फाइल दिसायला बरोबर असते आणि उपयोग शून्य. पंधरा मशीनवर हे करणं कंटाळवाणं आहे आणि शिक्षकांच्या फोनवर ते करताच येत नाही. म्हणून आपला डीएनएस.

आधी नाव निवडू. नुसतं 'शाळा' असं एकशब्दी नाव ठेवलं तर ब्राउझर त्याला शोधशब्द समजतो आणि जगभरातल्या शाळा दाखवतो. नावात टिंब हवं. '.लोकल' घेऊ नका. ते शेजारच्या मशीनना थेट हाक मारून नाव शोधायच्या वेगळ्या पद्धतीसाठी २०१३पासून राखीव आहे, त्यात तुमचा डीएनएस घुसवला की काही मशीन एकाला विचारतात आणि काही दुसऱ्याला. '.डेव्ह' तर अजिबात नको. ते गूगलच्या मालकीचं खरंखुरं डोमेन आहे आणि ब्राउझर त्यावर साधं एचटीटीपी चालू देत नाहीत. '.इंटर्नल' घ्या. जगाची डोमेननावं सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०२४ साली ते खाजगी नेटवर्कसाठी बाजूला काढलं आहे. आपलं नाव झालं 'शाळा.इंटर्नल': एस-एच-ए-एल-ए, टिंब, मग इंटर्नल.

देवनागरीत नाव ठेवता येईल का, असं मुलं विचारतात. तत्त्वतः हो. '.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४पासून सुरू आहे. पण पडद्यामागे अशी नावं इंग्रजी अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलली जातात, आणि लॅबमध्ये मराठी कीबोर्ड चालू-बंद करण्यातच तास संपतो. आम्ही तो नाद सोडला.

आता डीएनएसमास्क. अक्षरं डी-एन-एस-एम-ए-एस-क्यू. सायमन केली यांनी लिहिलेला हा छोटा कार्यक्रम शाळेसाठी अगदी बेताचा आहे. 'सुडो एपीटी इन्स्टॉल डीएनएसमास्क' करा. उबुंटू या लिनक्सवर 'पोर्ट ५३ आधीच वापरात आहे' (पोर्ट म्हणजे इथे मशीनवरच्या सेवेचा दार-क्रमांक) अशी तक्रार येते, कारण तिथे सिस्टमडी-रिझॉल्व्हडी नावाची सेवा त्या जागी बसलेली असते. '/इटीसी/सिस्टमडी/रिझॉल्व्हडी.कॉन्फ'मध्ये 'डीएनएसस्टबलिसनर=नो' करून ती सेवा पुन्हा सुरू करायची. या एका ओळीत मात्र तीनही शब्दांची पहिली अक्षरं आणि 'डीएनएस' मोठ्या अक्षरांत लागतात. डेबियनवर साधारणपणे हा त्रास नाही.

'/इटीसी/डीएनएसमास्क.कॉन्फ' ही मोठी फाइल सूचनांनी भरलेली असते. तिच्या शेवटी या ओळी लिहा:

डोमेन-नीडेड
बोगस-प्रिव्ह
नो-रिझॉल्व्ह
सर्व्हर=१.१.१.३
सर्व्हर=१.०.०.३
लोकल=/इंटर्नल/

पहिल्या दोन ओळी अर्धवट आणि खाजगी चौकश्या बाहेर जाऊ देत नाहीत. तिसरी (एन-ओ, जोडरेघ, आर-ई-एस-ओ-एल-व्ही, शेवटी ई नाही) म्हणते, बाहेर कुणाला विचारायचं ते मी खाली सांगतो तेवढंच. १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअर कंपनीचे कुटुंबांसाठीचे डीएनएस आहेत. ते अश्लील आणि घातक संकेतस्थळांची नावं शोधूनच देत नाहीत. शाळेला हा आयता फायदा. शेवटची ओळ: '.इंटर्नल'बद्दल कुणालाही विचारू नकोस, ते घरातलं आहे.

घरातली नावं कुठे लिहायची? सर्व्हरच्याच होस्ट्स फाइलमध्ये. डीएनएसमास्क ती वाचतो आणि सगळ्या लॅबला सांगतो. 'सुडो नॅनो /इटीसी/होस्ट्स' उघडून लिहा: '१९२.१६८.१.१० शाळा.इंटर्नल वाचन.शाळा.इंटर्नल'. दुसरं नाव कशाला ते पुढे.

ही फाइल उघडलीच आहे तर दुसरी ओळ बघा. डेबियनने तिथे '१२७.०.१.१' आणि पुढे मशीनचं होस्टनेम लिहून ठेवलेलं असतं. १२७ने सुरू होणारा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. मशीनचं होस्टनेमच 'शाळा.इंटर्नल' असतं, तर डीएनएसमास्कने सगळ्या लॅबला सांगितलं असतं की शाळा.इंटर्नल म्हणजे १२७.०.१.१. मग प्रत्येक मशीनने सर्व्हर स्वतःच्याच पोटात शोधला असता आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणून हात वर केले असते. गंमत म्हणजे सर्व्हरवर बसून तपासलं की सगळं व्यवस्थित चालतं! या एका ओळीने माझी एक अख्खी शनिवारची सुट्टी खाल्ली आहे. म्हणून मशीनचं नाव कपाट.

'सुडो डीएनएसमास्क --टेस्ट' ने लिहिण्यातली चूक कळते. मग 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट डीएनएसमास्क'. होस्ट्स फाइलमध्ये नवं नाव घातलं की हा रीस्टार्ट दरवेळी लागतो.

पायरी ६: सगळ्यांना सांगा

राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस भरायच्या जागा दोन असतात, आणि लोक चुकीच्या जागी भरतात. इंटरनेट किंवा वॅन पानावरची जागा राउटरने स्वतः कुणाला विचारायचं त्यासाठी. तिथे सर्व्हरचा पत्ता दिलात तर काही राउटर खाजगी पत्त्याचं उत्तर संशयास्पद समजून गाळून टाकतात. आपल्याला हवी ती जागा लॅन किंवा डीएचसीपी पानावरची: तिथे प्रायमरी डीएनएस १९२.१६८.१.१०.

आणि सेकंडरी? रिकामी सोडा. इथे हात शिवशिवतो, 'असू दे, जोडीला ८.८.८.८' असं वाटतं. पण दुसरा डीएनएस म्हणजे राखीव खेळाडू नव्हे. काही यंत्रणा मनाला येईल तेव्हा दुसऱ्याला विचारतात, आणि त्याने 'असं नावच नाही' म्हटलं की ते उत्तर प्रमाण मानतात. मग शाळा.इंटर्नल कधी उघडतं, कधी नाही, आणि कारण सापडत नाही. याची किंमत आहे हे खरं: सर्व्हर बंद पडला तर लॅबचं इंटरनेटही बंद पडल्यासारखं वाटेल. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी दुसऱ्या छोट्या मशीनवर हाच डीएनएसमास्क याच ओळींसह बसवावा आणि त्याचा पत्ता सेकंडरीत द्यावा.

इंटरनेट कंपनीच्या काही राउटरमध्ये ही डीएनएसची जागा कुलूपबंद असते. मग पत्ते वाटायचं कामही सर्व्हरकडे घ्या. आधी राउटरची डीएचसीपी बंद करा, मग डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये दोन ओळी वाढवा: 'डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.१.१००,१९२.१६८.१.२००,१२एच' आणि 'डीएचसीपी-ऑप्शन=ऑप्शन:राउटर,१९२.१६८.१.१'. दुसरी ओळ विसरलात तर सगळी मशीन सर्व्हरलाच बाहेरचा दरवाजा समजतील आणि इंटरनेट बंद. हे काम मुलं घरी गेल्यावर करा.

आता पायरी १मधल्या लाल खुणा. हाताने ८.८.८.८ भरलेल्या प्रत्येक मशीनवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएस 'ऑटोमॅटिक' करा.

उघडत नाही, तेव्हा

पुढचा क्रम मोडू नका. आधी 'पिंग १९२.१६८.१.१०'. उत्तर नाही तर वायर, स्विच किंवा पत्ता. उत्तर आलं तर ब्राउझरमध्ये आकडा टाकून बघा. तिथे अडलं तर एनजिनएक्स किंवा फायरवॉल: सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ही लिनक्सची फायरवॉल चालू असेल तर ८० आणि ५३ हे पोर्ट उघडावे लागतात, पत्ते वाटत असाल तर ६७ही. आकड्याने पान आलं, तर 'एनएसलुकअप शाळा.इंटर्नल' टाइप करा. उत्तरात वरती कुणाला विचारलं त्याचा पत्ता येतो. तिथे १९२.१६८.१.१० नसेल तर मशीन चुकीच्या माणसाला विचारतंय, बाकी सगळं सोडून ते दुरुस्त करा. ते बरोबर असूनही ब्राउझर ऐकत नसेल तर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' करा आणि नावाआधी 'एचटीटीपी://' हाताने टाइप करा.

एनएसलुकअप होस्ट्स फाइल बघत नाही, पिंग बघतं. दोघांची उत्तरं वेगळी आली तर कुणीतरी कधीतरी त्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये काहीतरी लिहून ठेवलं आहे.

फोनची तऱ्हा वेगळी. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतो. तिथे एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर फोन तुमच्या डीएनएसकडे ढुंकूनही बघत नाही. 'ऑटोमॅटिक' ठेवा. ब्राउझरमधल्या 'सिक्युअर डीएनएस'चंही तसंच. आणि वायफायच्या 'गेस्ट' जाळ्यावरच्या फोनला सर्व्हर दिसत नाही, कारण त्या जाळ्यावरच्या लोकांना आतली मशीन दिसू नयेत अशीच ती योजना असते.

दुसरं बिऱ्हाड: मराठी विकिपीडिया

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं असतात, पत्ता एकच. पोस्टमन पाकिटावरचं नाव बघून दार ठरवतो. एनजिनएक्स तेच करतो, आणि 'वाचन.शाळा.इंटर्नल' हे दुसरं नाव त्यासाठी घेतलं. या दारामागे इंटरनेटशिवाय चालणारा मराठी विकिपीडिया ठेवू.

किविक्स प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून मराठी विकिपीडियाची 'झिम' फाइल (सगळी पानं एकत्र बांधलेली) उतरवून घ्या, 'सुडो एपीटी इन्स्टॉल किविक्स-टूल्स' करा आणि 'किविक्स-सर्व्ह --पोर्ट=८०८०' पुढे फाइलचं नाव देऊन चालू करा. क्रॉनटॅबमध्ये (आपोआप चालवायच्या आज्ञांच्या यादीत) '@रीबूट'च्या ओळीत हीच आज्ञा फाइलच्या पूर्ण वाटेसह लिहिली की वीज जाऊन आली तरी आपोआप सुरू होते.

मग '/इटीसी/एनजिनएक्स/साइट्स-अव्हेलेबल'मध्ये 'वाचन' नावाची फाइल करा. त्यात 'सर्व्हर' आणि महिरपी कंस. कंसात 'लिसन ८०;', त्याखाली 'सर्व्हर_नेम वाचन.शाळा.इंटर्नल;', आणि 'लोकेशन /' च्या आतल्या कंसात 'प्रॉक्सी_पास एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०;'. अर्धविराम विसरू नका. या फाइलची 'साइट्स-एनेबल्ड'मध्ये 'एलएन -एस' ने, दोन्ही वाटा पूर्ण लिहून, जोडणी करा. 'सुडो एनजिनएक्स -टी' म्हणालं सगळं ठीक, की 'सुडो सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स'.

विज्ञानाच्या तासाला फेट सिम्युलेशन्सही याच सर्व्हरवर ठेवता येतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या या खेळांपैकी पुष्कळ मराठीत आहेत आणि एचटीएमएलची फाइल म्हणून उतरवता येतात. आमच्या नववीने विद्युतमंडलाचा खेळ इतका खेळला की खऱ्या बॅटरीला वायर जोडताना त्यांना काहीच नवीन वाटेना.

मुलांचे गुण, आधार क्रमांक, फोटो या सर्व्हरवर ठेवू नका. इथे कुलूप नाही. ब्राउझर 'नॉट सिक्युअर' म्हणतो ते खरंच आहे, वाचायच्या पानांसाठी तेवढं चालतं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून हा सर्व्हर बाहेरून दिसेल असंही करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. नेटवर्कची फाइल, होस्ट्स, डीएनएसमास्कची फाइल, एनजिनएक्सचं फोल्डर आणि एचटीएमएलचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. पायरी १च्या कागदाची एक झेरॉक्स त्याला रबराने गुंडाळा. आमचा पेनड्राइव्ह ऑफिसच्या लोखंडी कपाटात, जुन्या हजेरीपटांशेजारी असतो.